सुई टोचली आणि बरे वाटले!

पाठ, मान, गुडघा किंवा अर्धशिशी यांपैकी एखाद्या दुखण्याने बेजार झालेल्या, गोळ्या घेऊन कंटाळलेल्या माणसाला केव्हा ना केव्हा कोणीतरी सुचवतेच, "एकदा अ‍ॅक्युपंक्चर करून पाहा ना! आमच्या मेहुण्यांना चांगला गुण आला." सुचवणारा खोटे बोलत नसतो. मेहुण्यांचे दुखणे खरोखरच कमी झालेले असते. तरीही विज्ञान शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने येथे क्षणभर थांबायला हवे. 'सुया टोचल्यानंतर बरे वाटले' आणि 'सुया टोचल्यामुळे बरे वाटले' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले तपासायचे तर रुग्णाला विचारले की झाले. दुसरे तपासणे मात्र बरेच अवघड आहे. ते कसे तपासतात आणि त्यातून काय हाती आले, हे या लेखात पाहू.

पहिल्या खेपेला काय घडते?

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे त्वचेतून विशिष्ट ठिकाणी बारीक सुया टोचण्याची, मूळची चिनी उपचारपद्धती. 'सुई' आणि 'टोचणे' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांवरून युरोपीय लोकांनी हे नाव पाडले. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात भीती असते ती इंजेक्शनची. पण या दोन सुयांमध्ये बराच फरक आहे. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचे असते. स्नायूत इंजेक्शन देण्याची सुई साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीची असते. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, तिच्यातून काहीही आत सोडत नाहीत आणि तिची जाडी बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, कधी तेवढेही वाटत नाही.

उपचार करणारा आधी दुखण्याची सविस्तर चौकशी करतो. मग रुग्णाला झोपवून काही ठरावीक ठिकाणी सुया टोचतो, अधूनमधून त्या बोटांनी फिरवतो आणि वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतो. कधी सुयांना तारा जोडून अगदी सौम्य विद्युतप्रवाहही देतात. सुईच्या जागी जडपणा, मुंग्या किंवा खोलवर ठणका जाणवतो. या जाणिवेला चिनी परंपरेत 'दे-ची' म्हणतात आणि सुई योग्य जागी पोचल्याची ती खूण मानतात. एका खेपेत काम होत नाही; सहसा सहा ते दहा खेपा सांगितल्या जातात.

जागा कशा ठरल्या? परंपरेनुसार शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते; तिचा प्रवाह अडला की रोग होतो आणि मार्गावरील बिंदूंवर सुई टोचून तो मोकळा करता येतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात या विचाराची मांडणी आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने असे ३६१ बिंदू प्रमाण म्हणून नोंदले आहेत. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या दिसतात, चेतातंतू दिसतात. 'ची' वाहून नेणारे मार्ग मात्र आढळलेले नाहीत. अर्थात एखाद्या उपचाराचे स्पष्टीकरण चुकीचे असले म्हणून उपचार निरुपयोगीच ठरतो असे नाही. म्हणून स्पष्टीकरण बाजूला ठेवून परिणामाकडेच पाहणे योग्य.

खुद्द चीनमध्येही या पद्धतीचे दिवस सारखे नव्हते. १८२२ साली सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यकसंस्थेतून तिची हकालपट्टी झाली होती. १९५० नंतर माओच्या राजवटीत तिला पुन्हा राजाश्रय मिळाला. भारतात ती आली तो धागा महाराष्ट्राच्याही जवळचा आहे. १९३८ साली युद्धग्रस्त चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीसांचे १९४२ साली चीनमध्येच निधन झाले. डॉ. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही पद्धत शिकले आणि त्यांनी कलकत्त्यात तिचा प्रसार केला. पश्चिम बंगालने १९९६ साली आणि त्यानंतर महाराष्ट्रानेही या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला.

एक गाजलेला रुग्ण

अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरचे नाव घरोघरी पोचले ते एका रुग्णामुळे. जेम्स रेस्टन हे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे नामवंत पत्रकार १९७१ च्या जुलैमध्ये चीनला गेले असताना त्यांच्या आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला, सूज आली. १७ जुलैला पेकिंगच्या रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून ते अस्वस्थ झाले. तेव्हा त्यांच्या संमतीने तेथील डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली तीन सुया टोचल्या आणि एका वनस्पतीची पेटती कांडी पोटाजवळ धरली. हे सारे वीसेक मिनिटे चालले. तासाभरात पोटाचा ताण उतरला आणि पुन्हा त्रास झाला नाही. २६ जुलैला रेस्टन यांनी ही हकीकत आपल्या वृत्तपत्रात लिहिली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि कुतूहलाची लाटच आली.

या हकीकतीतून दोन धडे मिळतात. पहिला असा, की सांगोवांगी तिचे रूपच बदलले. 'रेस्टनचे ऑपरेशन भूल न देता, नुसत्या सुया टोचून केले' असे आजही कित्येकदा छापले जाते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने, इंजेक्शनने तो भाग बधिर करून झाली होती आणि रेस्टन यांनी स्वतःच तसे लिहिले होते. सुया आल्या त्या नंतर, पोटफुगीसाठी.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल काही काळ मंदावते आणि एकदोन दिवसांत ती आपोआप सुरू होऊन वायू सरतो. रेस्टन यांना सुया टोचल्या त्या नेमक्या याच सुमारास. मग गुण कशाचा? सुयांचा, काडीच्या उबेचा, की उलटलेल्या वेळेचा? रेस्टन प्रामाणिक होते, निरीक्षणात तरबेज होते, तरीही एकट्या त्यांच्या अनुभवावरून हे ठरवता येत नाही. सुया टोचल्या नसत्या तर त्या रात्री काय झाले असते हे कोणालाच पाहता येणार नाही. एका माणसाच्या बाबतीत 'असे केले' आणि 'असे केले नाही' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडवता येत नाहीत, ही खरी अडचण आहे.

करून पाहा

वेळेचा खेळ किती फसवा असतो, हे वर्गात सहज दाखवता येते. पन्नास मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाने दोन फासे टाकून बेरीज लिहावी. फासे कमी असतील तर आळीपाळीने टाकावेत. ही बेरीज म्हणजे त्या दिवशीचे दुखणे समजा. ९ किंवा अधिक बेरीज आलेली मुले 'आजारी'. अशी साधारण चौदा मुले निघतील आणि त्यांच्या बेरजांची सरासरी १० च्या आसपास असेल. आता या आजाऱ्यांपैकी निम्म्यांवर 'उपचार' करा: पेन्सिलीची बोथट बाजू मनगटाला हलकेच टेकवा. उरलेल्या निम्म्यांना काहीच करू नका. मग सर्व आजाऱ्यांना पुन्हा फासे टाकायला सांगा.

उपचार झालेल्या मुलांपैकी बहुतेकांचे दुखणे उतरलेले दिसेल. गणिताने पाहिले तर दहातील आठ जणांचा आकडा खाली येणे अपेक्षित आहे आणि सरासरी १० वरून ७ च्या आसपास येते. केवळ हीच मुले पाहिली तर पेन्सिलीचा गुण जाहीर करायला हरकत नाही! पण उपचार न झालेल्या मुलांकडे वळून पाहा. त्यांचेही आकडे तसेच उतरलेले असतील. गटातील मुले थोडी असल्याने आकडे थोडे मागेपुढे होतील. दोनतीन वर्गांचे आकडे एकत्र केले तर चित्र स्पष्ट होईल.

जुनाट दुखणी फाशांसारखी निव्वळ योगायोगाने ठरत नाहीत, पण ती चढउतार करत असतात. माणूस उपचाराला जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतारच यायचा. त्या उताराचे श्रेय मग गोळीला, अंगाऱ्याला किंवा सुईला मिळते. म्हणून उपचार न झालेला, बाकी सर्व बाबतींत सारखा असा तुलनेचा गट हवा आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरायला हवे.

लुटुपुटीची सुई

एवढे केले तरी एक पेच उरतो. सुया टोचलेल्या गटाला नुसत्या सुया मिळत नाहीत. त्यांना शांत खोली मिळते, अर्धा तास पडून राहायला मिळते, कोणीतरी आस्थेने चौकशी करते आणि 'आता बरे वाटेल' ही आशा असते. या सर्वांचा वेदनेवर परिणाम होतो. औषधाच्या चाचणीत हा पेच सोडवायला प्लॅसीबो, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब तशीच दिसणारी गोळी देतात. पण सुई टोचल्यासारखे वाटावे आणि टोचलेली मात्र नसावी, हे कसे साधायचे?

१९९८ साली जर्मनीतील श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ यांनी 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक युक्ती मांडली. त्यांच्या सुईचे टोक बोथट होते आणि दाबल्यावर ती नाटकातल्या सुरीसारखी आपल्याच मुठीत सरकत होती. त्वचेला टोचल्याची जाणीव होई, सुई आत गेल्यासारखी दिसेही. प्रत्यक्षात ती वरच राही. काही चाचण्यांत याऐवजी खऱ्याच सुया, पण परंपरेत न सांगितलेल्या जागी आणि अगदी वरवर टोचतात.

या दुसऱ्या प्रकारची एक मोठी जर्मन चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला परंपरेनुसार सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर सुया आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी ठरावीक मोजपट्टीवर पुरेशी सुधारणा दिसली ती अशी: खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के, लुटुपुटीच्या गटात ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के.

हे आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवून 'यावरून काय म्हणता येईल?' असे विचारून पाहा. कोणी म्हणेल, सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या. तेही खरे. कोणी म्हणेल, योग्य जागी टोचल्या काय नि भलत्याच जागी टोचल्या काय, फरक नगण्य. तेही खरे. एखादा हुशार विद्यार्थी असेही दाखवून देईल, की तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे ठाऊक होते आणि त्या निराशेचाही आकड्यावर परिणाम झाला असेल.

अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर काय दिसते? व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. यात पाठ-मानदुखी, गुडघ्यांचा संधिवात, जुनाट डोकेदुखी आणि खांदेदुखी ही दुखणी होती. निष्कर्ष समजावा म्हणून त्यांनी एक उदाहरण दिले. सुरुवातीला वेदना १०० पैकी ६० आहे असे धरा. अ‍ॅक्युपंक्चर न घेणाऱ्यांची ती ४३ वर येईल, लुटुपुटीच्या सुया घेणाऱ्यांची ३५ वर आणि खऱ्या सुया घेणाऱ्यांची ३० वर.

आता साधी वजाबाकी करू. एकूण उतार ३० अंकांचा. त्यातील १७ अंक सुया न घेताच उतरले: हा वेळेचा आणि चालू उपचारांचा वाटा. पुढचे ८ अंक लुटुपुटीच्या सुईने उतरले: हा आशा, विश्रांती, आस्था आणि नुसत्या स्पर्शाचा वाटा. शेवटचे ५ अंक नेमक्या जागी, नेमक्या खोलीवर टोचलेल्या सुईचे. हे वाटे इतके काटेकोर वेगळे काढता येत नाहीत, शिवाय टोचणाऱ्याला सुई खरी की खोटी हे ठाऊक असतेच. तरी प्रमाणाचा अंदाज येतो. सुईचा स्वतःचा वाटा शून्य नाही, पण तो सर्वांत लहान आहे.

मधला वाटा किती बदलू शकतो हे अमेरिकेतील कॅप्चक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले. आतड्यांच्या जुनाट तक्रारीच्या २६२ रुग्णांपैकी एका गटाला नुसते प्रतीक्षायादीत ठेवले. बाकीच्या दोन्ही गटांना लुटुपुटीच्याच सुया दिल्या; फरक इतकाच, की एकाशी कामापुरते बोलले आणि दुसऱ्याशी वेळ देऊन, आपुलकीने बोलले. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. मन लावून ऐकून घेण्याचा परिणाम मोजताही येतो, याचा हा दाखला.

शरीरात काय घडते?

याचा अर्थ 'सगळे मनाचे खेळ' असा घेऊ नये. कोपर टेबलाच्या कडेला आपटले की आपण ते चोळतो आणि कळ कमी होते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली याचे स्पष्टीकरण सुचवले: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की तेथील जणू एक दार लोटले जाते आणि वेदनेचे संदेश मेंदूकडे कमी जातात. सुई फिरवल्यानेही असे घडू शकते. शिवाय वेदना शमवणारी अफूसदृश रसायने, म्हणजे एंडॉर्फिने, शरीर स्वतःच तयार करते. अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्झोन हे औषध दिले तर अ‍ॅक्युपंक्चरचा वेदनाशामक परिणाम घटतो, असे १९७०च्या दशकातील काही प्रयोगांत दिसले. २०१० साली उंदरांवरील प्रयोगात सुई फिरवलेल्या जागी अ‍ॅडेनोसिन हे वेदना कमी करणारे द्रव्य वाढल्याचेही आढळले.

पण १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात हेच नॅलॉक्झोन दिल्यावर प्लॅसीबोने मिळालेला आरामही नाहीसा झालेला दिसला. म्हणजे आशेने मिळणारा आरामही रसायनांमार्फतच येतो. तेव्हा 'एंडॉर्फिन स्रवते' एवढ्यावरून सुईची जागा महत्त्वाची असते हे सिद्ध होत नाही आणि 'प्लॅसीबो आहे' म्हटल्याने रुग्णाचा आराम खोटाही ठरत नाही.

आकडे तेच, निर्णय दोन

असल्या पुराव्यावर शासनाने काय करावे? जर्मनीने २००६ साली ठरवले, की जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्यांचा संधिवात यांसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्यातून द्यावा. ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी ते सुचवले, २०१६ साली लुटुपुटीच्या सुईपेक्षा पुरेसे सरस नाही म्हणून ती शिफारस काढून टाकली आणि २०२१ साली मूळ कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी त्याचा विचार करावा असे सांगितले.

यात कोणी अडाणी नाही. 'रुग्णाला आज जे मिळते त्यापेक्षा हे बरे आहे का?' असे विचारले तर उत्तर एक येते आणि 'सुईचा स्वतःचा वाटा पुरेसा आहे का?' असे विचारले तर दुसरे. आकडे उत्तर देतात, पण प्रश्न आपल्यालाच निवडावा लागतो.

जायचे ठरवले तर

पहिली गोष्ट, आधी निदान. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर. सुईने वेदना दबली आणि रोग आत वाढत राहिला, तर तो तोटा पैशात मोजता येणार नाही. कर्करोग, क्षय, मधुमेह असे आजार सुयांनी बरे करण्याचा दावा कोणी करू लागला, तर तेथून उठावे. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

दुसरी, सुया. एकदाच वापरायच्या, निर्जंतुक सुयांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का हे पाहावे. पुन्हा वापरलेल्या सुयांतून 'ब' प्रकारच्या काविळीचा संसर्ग होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, गरोदरपण असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगावे. प्रशिक्षित हातांत धोका कमी असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन पाहणीत २,२९,२३० रुग्णांपैकी ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना किरकोळ रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे एवढाच. दोघांच्या मात्र फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा शिरली. धोका विरळा, पण शून्य नव्हे.

तिसरी, वही. सुरुवात करण्याआधी दोन आठवडे रोज ठरावीक वेळी वेदनेला ० ते १० मधला आकडा द्यावा, घेतलेल्या गोळ्या आणि किती चालता आले हेही लिहावे. खेपा चालू असताना तेच करावे. किती खेपांनंतर फरक नाही दिसला तर थांबायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. एकट्याच्या वहीतून सुईचा वाटा वेगळा निघणार नाही. ते काम चाचण्यांचे. पण आपले पैसे आणि वेळ सत्कारणी लागतो आहे का, एवढे नक्की कळेल.

वर्गातही ही सवय लावता येईल. आठवडाभर मुलांना जाहिरातींतून आणि घरच्या बोलण्यातून 'गुण आला' अशी विधाने गोळा करायला सांगा. प्रत्येकासमोर दोन रकाने आखा: 'कशाशी तुलना केली?' आणि 'गट कसे पाडले?' किती रकाने कोरे राहतात ते मुले स्वतःच मोजतील.